कॉट बेसिसवरची झोप : या चुका टाळा

आठच्या लेक्चरला शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा एक मुलगा. हजेरी संपली की याची हनुवटी छातीला टेकलीच म्हणून समजा. एकदा तास संपल्यावर त्याला थांबवून विचारलं. बिचारा खरं बोलला, ‘‘सर, रोज अकराला आडवा होतो, पण झोपच येत नाही. दोन वाजतात, कधी तीन.’’

‘‘आणि रविवारी उठतोस किती वाजता?’’

‘‘रविवारी... साडेअकरा. बारा.’’

मीही पुण्यात चार वर्षं कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं भरून, काढलीत आणि चारही वर्षं हेच केलंय, म्हणून प्रश्न बरोबर सुचला. आपल्याला लहानपणापासून ‘लवकर निजे, लवकर उठे’ पढवलेलं असतं. त्यातला क्रम मला उलटा वाटतो. झोप कुणाच्या बापाचं ऐकत नाही. उठणं मात्र, गजर लावून का होईना, आपल्या हातात असतं. झोपेची घडी बसवायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

चूक पहिली : झोपायची वेळ ठरवायची, उठायची मोकळी सोडायची

झोप येण्यामागे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे जागेपणाचा साठा. आपण जितके तास जागे, तितकं मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळे जड होऊ लागतात. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेलही दिलं गेलं. बहुतेकांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. म्हणजे त्याला रोज थोडं रेंगाळायचं असतं, आणि सकाळचा उजेड त्याला रोज ताळ्यावर आणतो. त्यातून विशीच्या आसपास ते मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं. तेव्हा घरचे ‘आळशी झालाय’ म्हणतात ते अर्धंच खरं.

आता अकराला उठलेल्या माणसाला रात्री अकराला झोप कुठून येणार? बारा तासांचाच साठा झालेला. घड्याळाच्या लेखी तर अजून संध्याकाळच चाललेली.

उठायची एक वेळ धरा, समजा सात. रात्री कितीला झोपलात याच्याशी तिचा संबंध ठेवू नका. उठल्यावर चहाचा कप घेऊन गच्चीत नाहीतर गॅलरीत जा आणि वीस-पंचवीस मिनिटं उघड्यावर काढा. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड जेमतेम शे-दोनशे लक्स असतो, पावसाळी सकाळीसुद्धा बाहेर हजारांत असतो. सध्या अकराला उठत असाल तर एकदम सातवर उडी मारू नका. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे या. पहिला आठवडा त्रासाचा जातो. तो जाणारच.

चूक दुसरी : रविवार

हिच्यावर जरा जास्त लिहितो, कारण सोमवार ते शुक्रवारची बहुतेक रडगाणी इथे जन्मतात.

पुण्यातल्या मेसवर जेवलेल्यांना रविवारचा बेत सांगायला नको. साडेअकराला उठायचं. एक वाजता फीस्ट : पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड नाहीतर गुलाबजाम. पैसे भरलेत म्हटल्यावर कुणी हात आखडता घेत नाही. दोनला कॉटवर पाठ टेकली की डोळे उघडतात साडेपाचला. तोंड कडू, डोकं जड. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून नऊला वडापाव आणि टपरीवर चहा. मग रात्री बाराला ‘उद्या आठला प्रॅक्टिकल आहे’ म्हणत दिवा मालवायचा आणि पंख्याकडे बघत पडायचं.

हिशोब करून बघा. दुपारच्या साडेतीन तासांनी सगळा साठा संपवलेला, सकाळचा उजेड पडद्याआड गेलेला, आणि वर नऊचा चहा. ही बिनतिकिटाची परदेशवारीच म्हणायची : दर शनिवारी शरीर चार तास पश्चिमेला न्यायचं आणि सोमवारी पहाटे खेचून परत आणायचं. शास्त्रज्ञ याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात.

मी फीस्ट सोडायला सांगत नाही. तेवढा दुष्ट नाही. रविवारी तासभर उशिरा उठा, त्याहून जास्त नको. जेवण झाल्यावर झोपायचंच असेल तर वीस मिनिटांचा गजर लावा, आणि तीनच्या आत उठा. वीस मिनिटांत गाढ झोप लागायच्या आधी जाग येते, म्हणून ते कडू तोंड नि जड डोकं टळतं. गजर ऐकून बंद करणाऱ्यांनी खुर्चीत बसून डुलकी काढावी. मान अवघडली की आपोआप उठाल.

चूक तिसरी : चहाचा हिशोब न ठेवणं

चहा-कॉफीतलं कॅफीन त्या अॅडिनोसिनची जागा अडवून बसतं. साठा तसाच राहतो, फक्त आपल्याला कळत नाही. अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या कॉफीतलं निम्मं दोन-तीनला रक्तात फिरत असतं. ‘मला चहाने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो’ म्हणणाऱ्यालाही झोप लागते, पण ती उथळ लागते. चारनंतर चहा बंद. टपरीवरच्या गप्पा सोडवत नसतील तर बरोबर जा आणि लिंबू सरबत घ्या. चार दिवस हसतील, मग सवय होते.

चूक चौथी : कॉटवरच सगळा संसार

हॉस्टेलची खरी अडचण ही. कॉटवरच जर्नल लिहायचं, कॉटवरच मॅगी, कॉटवरच मॅच आणि कॉटवरच घरच्यांचा फोन. मग ‘इथं आडवं झालं की झोपायचं’ हे मेंदूला कुणी सांगायचं?

आमच्या आजीच्या चाळीतल्या खोलीत गाद्या सकाळीच गुंडाळून कोपऱ्यात जात. कारण साधं होतं, जागाच नव्हती. पण त्यातून आपोआप अंथरूण फक्त झोपेपुरतं उरे. निद्रानाशावरच्या उपचारांत आज हेच शिकवतात. तुम्हीही सकाळी चादर-उशी गुंडाळून ठेवा, दिवसा कॉट ही बसायची जागा समजा, आणि अभ्यासाला शक्यतो अभ्यासिकेत जा. रात्री पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. पॅसेजमध्ये मंद दिव्याखाली एखादं कंटाळवाणं पुस्तक वाचा (पाठ्यपुस्तक हाताशी असतंच) आणि डोळे मिटायला लागले की परत या. कुशी बदलत ‘आता सहाच तास उरले, आता पाचच’ असं मोजत पडणं सगळ्यात वाईट.

फोनबद्दल एकच. त्याचा निळा उजेड थोडं नुकसान करतो, पण खरा घात ‘अजून एक रील’ करतं. चार्जिंगला दाराजवळच्या सॉकेटवर लावा. गजर बंद करायलाही मग उठावं लागेल.

चूक पाचवी : परीक्षेच्या आदल्या रात्री ‘नाइट मारणं’

दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम झोपेत चालतं. रात्रभर जागून वाचलेलं ओरलमध्ये आठवत नाही यात नवल नाही. निदान दोन ते सात झोपा. कधी जागरण झालंच, तर दुसऱ्या दिवशी दुपारी तास-दीड तासाहून जास्त झोपू नका आणि रात्री थोडं लवकर पडा. दिवसभर घोरलात तर आठवड्याची घडी विस्कटली.

आणि जागरणानंतर गाडीला किक मारू नका. सलग 17 तास जागं राहिलं तर मेंदू रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखा मंदावतो, हे 1997 सालीच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे.

बारीकसारीक

रूम पार्टनर दोनपर्यंत लाइट लावून बसतो? भांडण्याआधी डोळ्यांवर काळा रुमाल आणि कानांत मेडिकलमध्ये मिळणारे इअरप्लग वापरून पाहा. मग त्याला टेबल लॅम्पचे निम्मे पैसे देऊ करा. डासांना मच्छरदाणी. सकाळी अंगावर एका ओळीत खाजरे चट्टे आणि चादरीवर तपकिरी ठिपके दिसले, तर तुमचा निद्रानाश ढेकणांनी आणलाय; गादीच्या शिवणी आणि कॉटचे सांधे तपासा. उन्हाळ्यात झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ केली की नंतर अंग निवतं आणि झोप लागते. हॉस्टेलचा गीझर सकाळीच चालू असतो हे मला माहीत आहे. एप्रिलात नळाचंच पाणी कोमट येतं.

चूक सहावी : मित्राची गोळी

कुणाच्या तरी मामाला दिलेली अल्प्राझोलामची (चिंतेवरच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची) पट्टी हॉस्टेलात फिरते. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे ती उगीच नाही. सवय लागते, आणि सोडताना झोप आधीपेक्षा जास्त उडते. सर्दीच्या गोळीने येणारी गुंगीही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोक्यात राहते.

हे सगळं महिनाभर नेटाने करूनही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नसेल, पार्टनर म्हणत असेल की तू घोरता घोरता मध्येच श्वास थांबवतोस, आडवं झाल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, किंवा सात-आठ तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरकडे जा. रक्त कमी असणं, थायरॉइड अशी साधी कारणंही निघतात. आणि पहाटे चारला जाग येऊन नको नको ते विचार येत असतील, तर महिना संपायची वाट बघू नका. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.