कोड वर, डेटा खाली : डेव्ह, स्टेजिंग आणि प्रॉडक्शनमधली ने-आण

कोड एकाच दिशेने जातो: लॅपटॉपवरून (डेव्ह) स्टेजिंगवर, म्हणजे तालमीच्या सर्व्हरवर, आणि तिथून प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर. डेटा उलट दिशेने येतो: प्रॉडक्शनवरून खाली, तोही माणसांची ओळख पुसून. स्टेजिंगचा डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) प्रॉडक्शनवर चढवायचा नाही आणि प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर एडिटर उघडून फाइल दुरुस्त करायची नाही. हे दोन नियम मोडले की खरी प्रत कुठली, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

नियम सोपे आहेत. घोळ होतो तो धड कोड नाही आणि धड डेटाही नाही अशा गोष्टींमुळे: टेबलांची रचना, जिल्ह्यांच्या याद्या, सेटिंग्ज, पासवर्ड. पुढचा बहुतेक मजकूर त्यांच्याबद्दलच आहे. उदाहरणं पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि डॉकर हे ॲप बांधून चालवायचं साधन धरून दिली आहेत. मायएसक्यूएल जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

बिल्ड एकदाच

स्टेजिंगवर तपासलेली इमेज (कोड बिल्ड करून, त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं डॉकरचं पॅकेज) आणि प्रॉडक्शनवर चालणारी इमेज हुबेहूब एकच हवी. दोन्हीकडे वेगळं बिल्ड केलं तर मधल्या दोन दिवसांत एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती येते आणि तपासलेलं एक, चढलेलं भलतंच असं होतं. कमिट म्हणजे गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातली बदलाची नोंद. इमेजला तिच्या हॅशचा, म्हणजे ओळखक्रमांकाचा, टॅग द्या. ‘लेटेस्ट’ टॅग डिप्लॉयसाठी (सर्व्हरवर चढवण्यासाठी) वापरू नका, तो आज एका इमेजचा असतो, उद्या दुसरीचा. नोडच्या प्रोजेक्टमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. तो लॉक फाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) काटेकोर पाळतो आणि ती पॅकेजच्या यादीशी जुळली नाही तर तिथेच थांबतो.

‘माझ्याकडे तर चालतंय’ यामागची नेहमीची कारणं मोजकी आहेत. मॅक आणि विंडोज फाइलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर एकच धरतात, लिनक्स धरत नाही. त्यामुळे लॅपटॉपवर सापडलेली फाइल सर्व्हरवर सापडत नाही. विंडोजवर सेव्ह केलेल्या शेल स्क्रिप्टच्या ओळींच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह राहतं आणि लिनक्स ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून हात वर करतो. नव्या मॅकवर बांधलेली आर्म प्रोसेसरची इमेज इंटेल प्रोसेसरच्या सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते. तिन्हींवर इलाज एकच: प्रॉडक्शनची इमेज लॅपटॉपवर बांधू नका, सीआय सर्व्हरवर (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या सर्व्हरवर) बांधा.

फ्रंटएंडमध्ये (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागात) मात्र एक मेख आहे. व्हीटसारखी बिल्डची साधनं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (बाहेरून दिलेल्या सेटिंगची) किंमत बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टमध्ये कोरून टाकतात. तेच बिल्ड पुढे नेलं तर प्रॉडक्शनचं पान स्टेजिंगच्या एपीआयला (डेटा पुरवणाऱ्या सर्व्हरला) हाका मारत बसतं. पत्ते वेगळ्या छोट्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा, ती पान उघडताना वाचा आणि त्या फाइलला लांब मुदतीची कॅश (ब्राउझरने साठवलेली प्रत) लावू नका.

सेटिंग्ज आणि किल्ल्या

आपण कुठे चालतो आहोत हे ॲपला फक्त बाहेरून मिळालेल्या सेटिंग्जवरून कळलं पाहिजे. एखादी सेटिंग दिलीच नसेल तर ॲपने सुरू होण्यास नकार द्यावा. मनाने काहीतरी गृहीत धरून पुढे जाणारं ॲप जास्त धोकादायक. सुरुवातीलाच आणखी एक तपासणी घाला. रेझरपे या ऑनलाइन पेमेंटच्या सेवेच्या चाचणीच्या आणि खऱ्या किल्ल्यांच्या सुरुवातीलाच ‘टेस्ट’ किंवा ‘लाइव्ह’ लिहिलेलं असतं, स्ट्राइपच्याही. स्टेजिंगवर ‘लाइव्ह’ किल्ली दिसली की ॲप बंद. पाच ओळींचा कोड आहे, आणि तो खऱ्या ग्राहकाच्या खात्यातून चाचणीचे पैसे कापले जाण्यापासून वाचवतो.

पासवर्ड चुकून गिटमध्ये गेला तर पुढच्या कमिटमध्ये फाइल काढून भागत नाही, इतिहासात तो राहतोच. आधी किल्ली बदला, इतिहास साफ करायचं काम नंतर.

टेबलांची रचना बदलताना

रचनेतला प्रत्येक बदल ही मायग्रेशनची (डेटाबेस बदलणाऱ्या आज्ञांची) फाइल असते आणि ती कोडबरोबर गिटमध्ये राहते. जी एकदा स्टेजिंगवर चालली ती पुन्हा संपादित करायची नाही. चुकली असेल तर नवी लिहायची. पोस्टग्रेसमध्ये मायग्रेशन मध्येच फसली तर पूर्ण व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मागे फिरतो. मायएसक्यूएलमध्ये टेबल बदलणारी प्रत्येक आज्ञा आपोआप कमिट, म्हणजे लगेच कायम, होते, म्हणून पाचपैकी तिसरी आज्ञा पडली तर पहिल्या दोन लागू राहतात. तिथे एका फाइलमध्ये एकच बदल ठेवा.

नवा कोड चढत असताना काही मिनिटं जुना आणि नवा असे दोन्ही कोड एकाच डेटाबेसवर चालतात. म्हणून नियम असा: वाढवणारा बदल कोडच्या आधी, काढून टाकणारा बदल कोडच्या नंतर. समजा, ‘मोबाइल’ या कॉलमचं नाव ‘संपर्क’ करायचं आहे. थेट नाव बदललं तर जुना कोड त्याच क्षणी कोसळतो. योग्य क्रम लांबलचक आहे, पण त्याला पर्याय नाही:

१. ‘संपर्क’ हा रिकामा चालणारा नवा कॉलम जोडा.
२. दोन्ही कॉलममध्ये लिहिणारा, पण जुनाच वाचणारा कोड चढवा.
३. जुन्या नोंदी ५ ते १० हजारांच्या तुकड्यांत भरा, प्रत्येक तुकडा वेगळा कमिट करा आणि मध्ये थोडं थांबा. सगळं टेबल एकाच अपडेटमध्ये घेतलं तर शेवटपर्यंत सगळ्या नोंदी अडकून राहतात, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक नोंदीची मेलेली प्रत मागे उरते आणि रेप्लिका (डेटाबेसची सतत जुळती ठेवलेली दुसरी प्रत) मागे पडते.
४. दोन्ही कॉलम जुळतात का ते मोजा, मग नवा वाचणारा कोड चढवा.
५. जुन्यात लिहिणं थांबवा. एक-दोन रिलीज जाऊ द्या, मगच जुना कॉलम काढा.

पोस्टग्रेस ११ पासून ठरावीक डीफॉल्ट किमतीचा कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, काम क्षणात होतं. तरीही त्या क्षणासाठी पूर्ण टेबलाचं कुलूप लागतं, आणि सगळे फसतात ते इथेच. कुणाचा तरी लांबलेला रिपोर्ट ते टेबल वाचत असतो, आपली आज्ञा त्याच्यामागे थांबते, आणि आपल्यामागे साइटची प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) रांगेत उभी राहते. मायग्रेशन निरुपद्रवी असूनही साइट ठप्प. म्हणून मायग्रेशनच्या सुरुवातीला ‘लॉक टाइमआउट’ ३ ते ५ सेकंदांवर ठेवा. तेवढ्यात कुलूप मिळालं नाही तर सोडून द्या आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

मोठ्या टेबलावर इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) ‘कॉनकरंटली’, म्हणजे लिहिणं न अडवता, बनवा. ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशनच्या साधनाला या फाइलपुरतं ट्रान्झॅक्शन बंद करायला सांगावं लागतं. ती मध्येच पडली तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहतो: वाचायला उपयोग शून्य, पण लिहिताना भार पूर्ण. तो काढून मगच पुन्हा चालवा.

याद्यांचा डेटा

जीएसटीचे दर, राज्यं, जिल्हे, तक्रारींचे प्रकार हा डेटा असला तरी तो कोडसारखा वर जातो, कारण तो ग्राहक भरत नाहीत, आपण भरतो. तोही मायग्रेशनमधूनच न्या आणि ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ अशा पद्धतीने लिहा, म्हणजे दोनदा चालला तरी बिघडत नाही. आपोआप वाढणारे आयडी (डेटाबेस स्वतः देतो ते क्रमांक) कोडमध्ये लिहू नका. स्टेजिंगवर १७ असलेला जिल्हा प्रॉडक्शनवर २१ असू शकतो. जिल्ह्याला ठरलेला, न बदलणारा सांकेतिक क्रमांक द्या आणि नाव फक्त दाखवण्यासाठी ठेवा. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा ज्यांनी नावावरच टेबलं जोडली होती त्यांना सगळ्या नोंदी धुंडाळाव्या लागल्या असणार. त्या क्रमांकावर जोडलेल्यांचं काम तीन ओळींत संपतं.

डेटा खाली आणताना

आधी विचारा की खरा डेटा हवाच आहे का. बहुतेक कामाला स्क्रिप्टने बनवलेला खोटा डेटा पुरतो. खरा डेटा लागतो तो क्वेरीचा वेग पाहायला आणि मायग्रेशनची रंगीत तालीम करायला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि स्टेजिंगला त्यातून सूट नाही. पेमेंटचा डेटा असेल तर रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रकही पाहा. तो डेटा भारतातच साठवायचा असतो, त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून क्लाउडच्या मुंबई रीजनमधला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) सिंगापूरला हलवता येत नाही.

१. प्रॉडक्शनच्या रेप्लिकावरून पोस्टग्रेसच्या ‘पीजी-डम्प’ या साधनाने कस्टम फॉरमॅटमध्ये डम्प घ्या. सेशन, लॉग आणि रांगेत उभ्या ईमेल-एसएमएसच्या टेबलांची रचना घ्या, डेटा वगळा. मायएसक्यूएलमध्ये ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय विसरू नका, नाहीतर डम्प चालू असताना टेबलं अडतात.
२. तो प्रॉडक्शनच्याच नेटवर्कमधल्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये उतरवा आणि तिथे ओळख पुसा. स्टेजिंगवर उतरवून मग पुसणं म्हणजे कच्चा डेटा तिथे पोचलाच.
३. पुसलेल्या डेटाबेसचा नवा डम्प घ्या, तोच स्टेजिंगला द्या, तात्पुरता डेटाबेस नष्ट करा.
४. स्टेजिंगवर नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये ‘नो-ओनर’ आणि ‘नो-प्रिव्हिलेजेस’ पर्यायांसह उतरवा. डम्पमध्ये युजर-रोल येत नाहीत, त्यामुळे हे पर्याय नसतील तर ‘रोल अस्तित्वात नाही’ अशा चुकांचा पाऊस पडतो.
५. ‘ॲनालाइझ’ चालवा. त्याशिवाय प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) टेबलांचा अंदाज नसतो आणि क्वेरी विनाकारण रेंगाळतात.
६. मोठ्या टेबलांच्या नोंदी दोन्हीकडे मोजून जुळवा.

डम्प उतरवणाऱ्या ‘पीजी-रिस्टोअर’चा ‘क्लीन’ पर्याय समोरच्या डेटाबेसमधल्या वस्तू आधी पाडतो. चुकून प्रॉडक्शनचा पत्ता दिला गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आपण रोज वापरतो त्या डेटाबेस-युजरला प्रॉडक्शनवर फक्त वाचण्याचा हक्क ठेवा.

ओळख पुसणं म्हणजे मोबाइल नंबरचा हॅश (नंबरापासून गणिताने काढलेली खूण) घेणं नव्हे. भारतीय मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून उलटा शोध घेणं साध्या संगणकाला सहज जमतं. गुप्त किल्ली वापरून बदल करा आणि ती किल्ली स्टेजिंगला देऊ नका. एका नंबराची सगळ्या टेबलांत तीच बदली आली पाहिजे, नाहीतर जोडण्या तुटतात. आधारचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं. खोटे नंबर बनवताना हे पाळलं नाही तर ॲपची तपासणीच अडवेल. ईमेलसाठी चाचणीकरता राखून ठेवलेलं ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ वापरा. मनाने रचलेलं डोमेन कुणाचं तरी असू शकतं.

सगळ्यात जास्त सुटतात ते मोकळ्या मजकुराचे रकाने. ‘शेरा’ आणि ‘तक्रार’ यांत लोक पत्ता, नंबर, आजारपण सगळं लिहितात. तिथे शोधून बदलण्याच्या भरवशावर राहू नका, पूर्ण मजकूर बदला. जेसन कॉलमही (एकाच रकान्यात बरीच माहिती ठेवणारे) तपासा. अपलोड केलेल्या फाइलींचे पत्ते डेटाबेसमधून येतात आणि खऱ्याच फाइलकडे नेतात. स्टेजिंगच्या किल्लीला तिथे फाइल काढून टाकण्याचा हक्क असेल तर चाचणीत ‘डिलीट’ दाबल्यावर ग्राहकाची खरी फाइल जाईल.

मराठी मजकूर आणि वेळ

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, बहुतेक इमोजी ४. मायएसक्यूएलमधलं जुनं ‘यूटीएफ८’ ३ बाइटपर्यंतच जातं, म्हणून मराठी नीट आणि इमोजीवर चूक असं दिसतं. ‘यूटीएफ८एमबी४’ वापरा. मायएसक्यूएल ८ चं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरं जुळवण्याचा आणि क्रमाने लावण्याचा नियम) ५.७ ला माहीत नसतं, त्यामुळे ८ वरून ५.७ वर नेलेला डम्प ‘अननोन कोलेशन’वर अडतो.

डेटा ‘साफ’ करणाऱ्या स्क्रिप्टकडे लक्ष ठेवा. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक शून्य रुंदीचं जोडचिन्ह. अदृश्य चिन्हं सरसकट काढणारी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकारातल्या सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या करते. दोन्ही प्रकारांचे शब्द चाचणीच्या डेटात मुद्दाम ठेवा.

सीएसव्हीने ने-आण करत असाल तर मध्ये एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. खाते क्रमांकातली सुरुवातीची शून्यं उडतात आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात.

वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा. टाइमझोन नसलेला कॉलम असेल आणि दोन सर्व्हरची घड्याळं यूटीसी आणि भारतीय वेळेवर असतील, तर पहाटे ५:३० च्या आधीची विक्री आदल्या दिवसात मोजली जाते.

चढवताना

आधी बॅकअप घ्या, आणि तो उतरवून पाहिलेला असू द्या. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेत रेप्लिकाऐवजी मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. ‘पीजी-डम्प’चे बॅकअप शोधले तर तेही नव्हते: पोस्टग्रेसचा सर्व्हर ९.६ आवृत्तीचा, डम्पचं साधन ९.२ चं, त्यामुळे डम्प निघतच नव्हता आणि बिघाडाच्या ईमेलही पोचत नव्हत्या. उपयोगी पडला तो सुमारे ६ तास आधी स्टेजिंगसाठी घेतलेला स्नॅपशॉट. ‘पीजी-डम्प’ची आवृत्ती सर्व्हरइतकी किंवा त्याहून नवी हवी. बॅकअपच्या फाइलचा आकार कालच्यापेक्षा अचानक घटला तरी इशारा यायला हवा.

नवा कोड सगळ्या सर्व्हरवर पोचला का हे गृहीत धरू नका. प्रत्येकाकडून चालू कमिटचा हॅश देणारा पत्ता ठेवा आणि डिप्लॉयनंतर सगळ्यांना विचारा. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीत १ ऑगस्ट २०१२ ला आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नव्हता. नव्या कोडने एका जुन्या, मोडीत निघालेल्या कामाचा फ्लॅग (काम चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, तो त्या सर्व्हरवर जुनं काम जागं करत गेला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर बुडाले. फ्लॅगची नावं पुन्हा वापरू नका आणि मेलेला कोड काढून टाका.

मागची इमेज हाताशी ठेवा. कोड मागे घेणं मिनिटाचं काम आहे, मायग्रेशन मागे घेणं नाही. कॉलम पाडणारी ‘डाउन’ (बदल उलटवणारी) मायग्रेशन मधल्या तासाभरात ग्राहकांनी भरलेलं सगळं घेऊन जाते. वाढवणारे बदल आधी केले असतील तर फक्त कोड मागे न्या, नवा कॉलम राहू द्या आणि दुरुस्ती पुढच्या मायग्रेशनमध्ये करा. पहिला अर्धा तास चुकांचा आलेख, क्वेरीचा वेळ आणि रांगेतली कामं पाहत बसा. लॉगइन, एक ऑर्डर, एक पावती एवढं हाताने करून बघा.