संथाळांचा राग वर्गात कसा शिकवावा

१८५५ चा संथाळ आदिवासींचा उठाव शिकवताना मी फळा नंतर धरतो. आधी दोन पायल्या घ्या. एकीच्या तळाशी पुठ्ठा घाला, एका पोराला सावकार करा. संथाळाकडून धान्य घेताना मोठं माप, त्याला देताना खोटं. पोरं ‘सर, चीटिंग!’ म्हणून ओरडतात, ओरडू द्या. दामिन-इ-कोह या संथाळांच्या मुलखातले सावकार हेच करत. मग कर्जाचा कागद काढा: फिटेपर्यंत सावकाराच्या शेतात राबायचं, आणि फिटायचं कधीच नाही. जंगल तोडून जमीन कसली संथाळांनी, सारा वाढवत नेला कंपनीने, दारोगा सावकाराच्या खिशात. आता उठावाचे पुढारी सिदो-कान्हू या भावांची भोगनाडीह गावातली ३० जूनची सभा सांगा, उठावाची हाक तिथेच दिली गेली. नकाशावर आजच्या झारखंडातल्या राजमहालच्या टेकड्या दाखवाच, हे सगळं तिथलंच. पोरं त्या राजस्थानात शोधतात.