हजारो जुने मेल, एक नॉटमच: शोधायचं कसं, टॅग लावायचे कसे (आणि टॅगच्या नियमात मी खाल्लेला मार)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, काका माग बघतात आणि मी कॉम्प्युटर, म्हणजे ऑर्डर, डिझाइनचे फोटो, बिलं, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, पार्ट्यांची भांडणं, सगळं माझ्याच मेलवर येऊन पडतं. जीमेलची फुकटची १५ जीबी भरली की नवे मेल यायचेच बंद होतात, आणि आमच्याकडं ती भरली ऐन गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, मार्चएंडच्या तोंडावर. ज्याला विचारलं तो म्हणायचा "काय बे, जुनं डिलीट मार की". अरे, जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात आणि पार्टी २०१७ च्या रंगाचा दाखला देऊन भांडते, डिलीट काय मार!

तर त्यावर मी जे बसवलं त्याचं नाव नॉटमच. फुकट आहे, जीपीएलवालं मुक्त सॉफ्टवेअर आहे, कार्ल वर्थ नावाच्या प्रोग्रामरनं २००९ मध्ये सुरू केलं, आणि शोधायचं खरं काम त्याच्या पोटातली झेपियन नावाची लायब्ररी करते. नावातच गंमत आहे, तुमच्याकडं लाखभर मेल असले तरी ह्याच्या लेखी ते "फार काही नाही". पण एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा: नॉटमच मेल आणत नाही, पाठवत नाही, मेलच्या आतला मजकूरही बदलत नाही. कॉम्प्युटरवर पडलेल्या मेलची फक्त अनुक्रमणिका करतं, शोधतं आणि टॅग लावतं. हे न कळल्यामुळं निम्मे लोक पहिल्याच दिवशी "ह्यात इनबॉक्स कुठाय" करून सोडून देतात.

कमांड सगळ्या टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी), इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या, इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्यात तेवढं समजून घ्या.

मेल आधी मशीनवर आणा. उबंटू लिनक्सवर नॉटमच आणि आयसिंक ही दोन पॅकेजेस टाकली की झालं. आयसिंकमधल्या प्रोग्रामचं नाव एमबीसिंक, तो आयमॅपवरून (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) मेल ओढतो, जीमेलला त्यासाठी ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, काढावा लागतो. सेटिंगमध्ये सिंकच्या पुढं "पुल" एवढंच लिहा, म्हणजे मेल फक्त खाली येतील आणि इथल्या घोळानं वरचं काही उडणार नाही. नेटवरच्या जुन्या लेखांत मास्टर-स्लेव्ह असे शब्द दिसतील, आयसिंकच्या १.४ पासून त्याला फार (सर्व्हरची बाजू) आणि निअर (आपली बाजू) म्हणतात, दोन्ही कालवू नका. जीमेलमधून फक्त "ऑल मेल" हे एकच फोल्डर घ्या, नाहीतर प्रत्येक लेबलमागं तोच मेल परत उतरतो आणि डिस्क उगाच भरते. नॉटमच मेसेज-आयडी बघून दोन्ही प्रती एकच धरतं ते खरं, पण जागा जायची ती जातेच.

ज्यांनी टेकआउटमधून (गुगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) सगळं एकदम काढलंय त्यांना एमबॉक्स मिळेल, म्हणजे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये. ते चालत नाही. नॉटमचला एक मेल एक फाइल लागते, त्याला मेलडिर म्हणतात. पायथनच्या मेलबॉक्स मॉड्यूलनं दहा ओळींत रूपांतर होतं.

विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू टाकून करावं, पण मेल सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरातच ठेवा. मेलडिरच्या फाइलनावात कोलन असतो आणि विंडोजला नावातला कोलन चालत नाही. पेनड्राइव्हचंही तेच. फोल्डर सरळ कॉपी केला की शेकडो एरर येतात, आधी टार करून एक फाइल बनवा मग टाका.

आता नॉटमच सेटअप. नाव, मेल पत्ता, मेलचा फोल्डर विचारतं, भरा. पुढं विचारतं की नव्या मेलला कुठले टॅग लावू, आणि स्वतःच अनरीड आणि इनबॉक्स सुचवतं. इथं एंटर मारू नका! तिथं फक्त "न्यू" एवढा एकच टॅग लिहा, कारण खाली येतंय. मी एंटर मारला होता आणि टेकआउटमधले झाडून सगळे मेल "न वाचलेले" म्हणून समोर उभे राहिले, त्यात २०११ मधल्या सिमकार्डच्या जाहिरातीसुद्धा.

मग नॉटमच न्यू. पहिल्यांदा वेळ खातं, जेवून या. मध्येच थांबवलं तरी पुढच्या वेळी उरलेलं घेतं, त्यामुळं लाइट जायची फार भीती बाळगू नका.

शोधायला नॉटमच सर्च आणि पुढं शब्द. फ्रॉम:, टू:, सब्जेक्ट:, अटॅचमेंट:, टॅग: असे उपसर्ग आहेत. माझा रोजचा म्हणजे तारखेचा, डेट:२०२२-०४-०१..२०२३-०३-३१ असं दिलं की अख्खं आर्थिक वर्ष समोर, सीएकडं जाताना ह्याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. अटॅचमेंट: फक्त फाइलच्या नावात शोधतं, पीडीएफच्या आतलं वाचत नाही, म्हणून पार्ट्यांनी "स्कॅन ००१" नावानं पाठवलेली बिलं ह्यात सापडणार नाहीत, ती पाठवणाऱ्याच्या नावानं आणि तारखेनं शोधायची.

मराठी शोधताना एक लक्षात ठेवायचं. इंग्रजी शब्दांची मुळं ते स्वतः ओळखतं, एकवचन-अनेकवचन सांभाळून घेतं, पण मराठी विभक्ती त्याला कळत नाही. "धागा" शोधलं तर "धाग्याचा" सापडत नाही. शब्द आखूड करून पुढं चांदणी द्या, 'धाग*', आणि अवतरणचिन्हात द्या, नाहीतर टर्मिनल ती चांदणी स्वतःसाठी ठेवून घेतं. आता 'धाग*' मध्ये धागा, धागे, धाग्याचा, सगळं येतं. कुठं तोडायचं ते आपणच बघायचं, "चादर*" बरोबर, "चादरी*" केलं की "चादर" निसटली. चांदणी फक्त शेवटी चालते. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले जुने मेल मात्र विसरा, ते आत युनिकोड नाहीतच, नॉटमचला तिथं नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि आमच्या पूर्व भागातल्या पार्ट्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, त्यात चार तेलुगू शब्द, "पाठवलं"ची स्पेलिंग माणसागणिक वेगळी. तिथंही शब्दाच्या मागं लागू नका, पाठवणारा आणि तारीख.

आता टॅग. ह्यात मी महिनाभर मार खाल्लाय म्हणून सावकाश सांगतो.

हातानं टॅग लावणं सोपं आहे: नॉटमच टॅग +बिल -- फ्रॉम:अमुक. अधिक म्हणजे लावा, वजा म्हणजे काढा, मधल्या दोन रेघा म्हणजे टॅग संपले, इथून पुढं शोध. अडचण येते ती रोजच्या मेलला आपोआप टॅग लावताना. त्यासाठी हुक असतो, म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट, नाव "पोस्ट-न्यू", जी प्रत्येक नॉटमच न्यूनंतर आपोआप चालते. ती मेलच्या फोल्डरातल्या लपलेल्या डॉट-नॉटमच फोल्डरात, हुक्स नावाच्या फोल्डरात ठेवायची, चालवायची परवानगी द्यायची, आणि नावाच्या शेवटी डॉट एसएच लावायचं नाही. लावलं तर एरर येत नाही, काहीच होत नाही. माझे दोन दिवस त्यात गेले.

मी हुकात सरळ लिहिलं होतं की ह्या ह्या पार्ट्यांकडून आलेल्या मेलला वसुली टॅग लाव. पैसे आले की मी हातानं तो टॅग काढायचो आणि सोमवारी उरलेली वसुलीची यादी काकांना द्यायचो. पण हुक दर वेळी चालतो आणि नियम सगळ्या मेलवर लागतो, नुसत्या नव्यांवर नाही! म्हणजे मी काढलेला टॅग पुढच्या दहा मिनिटांत परत जागेवर. मला वाटायचं मीच विसरलो, परत काढायचो. एका सोमवारी काकांनी त्या यादीवरून हुबळीच्या एका जुन्या पार्टीला तगाद्याचा फोन केला. "पैसे टाकून पंधरा दिवस झाले की हो," पलीकडून. काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

उपाय तो "न्यू" टॅग. नवा मेल आला की त्याच्यावर न्यू लागतो, हुकातला प्रत्येक नियम "टॅग:न्यू अँड" नं सुरू करायचा, आणि अगदी शेवटच्या ओळीत: +इनबॉक्स +अनरीड -न्यू -- टॅग:न्यू. म्हणजे प्रत्येक मेल नियमांच्या चाळणीतून एकदाच जातो, त्यानंतर त्याला हात लावायचा तो आपण. जाहिरातींचा नियम सगळ्यात वर ठेवा आणि त्यातच न्यू काढून टाका, मग त्या खालच्या नियमांना दिसतच नाहीत आणि इनबॉक्समध्येही येत नाहीत.

हे केलं आणि दोन आठवड्यांनी परत तोच घोळ, पण काही पार्ट्यांपुरताच. ह्यानं मला जास्त छळलं. नियम होता: टॅग:न्यू अँड फ्रॉम:पहिला ऑर फ्रॉम:दुसरा. वाचताना बरोबर वाटतं ना? पण अँड हा ऑरपेक्षा घट्ट बांधतो. मशीननं त्याचा अर्थ घेतला "पहिल्याचे नवे मेल, किंवा दुसऱ्याचे सगळेच". कंस पाहिजे: टॅग:न्यू अँड (फ्रॉम:पहिला ऑर फ्रॉम:दुसरा), आणि टर्मिनलला कंसाचंही वावडं असल्यामुळं अख्खा शोध अवतरणचिन्हात. नेटवरून नियम उचलून चिकटवणाऱ्यांनो, जिथं ऑर दिसेल तिथं कंस आहे का बघा. नसेल तर तो नियम लिहिणाऱ्यानं स्वतः वापरलेला नाही.

आणि माझा कायदा: टॅग कमांड मारायच्या आधी तोच शोध नॉटमच काउंटला द्यायचा. चाळीस मेलची अपेक्षा आणि आकडा आला नऊ हजार, तर हात मागे. ह्या कमांडला अनडू नाही. काउंट एकेक मेल मोजतं आणि सर्च संभाषणं दाखवतं, त्यामुळं दोघांचे आकडे जुळत नाहीत, त्यानं घाबरू नका. पण हेही बघा की टॅग शोधात बसलेल्या मेललाच लागतो किंवा निघतो, त्या संभाषणातल्या बाकी मेलना नाही. वसुलीचा टॅग एका मेलवरून काढला आणि त्याच संभाषणातल्या दुसऱ्यावर राहिला, तर ते संभाषण यादीत दिसतच राहतं. सगळ्यावरून काढायचा तर सर्चमध्ये ओळीच्या सुरुवातीला जो थ्रेड: चा नंबर येतो तो द्यायचा.

पहिल्या वेळी, जुना सगळा ढीग घेताना, हुक ठेवूच नका. आधी सगळं आत घ्या, वर्षावारी, पार्टीवारी हातानं टॅग लावा, प्रत्येक वेळी काउंट करून, मग -न्यू -- '*' नं सगळ्यांचा न्यू उतरवा आणि मग हुक बसवा. टॅगची नावं इंग्रजी अक्षरांत, लहान, मध्ये जागा न सोडता. देवनागरीत चालतात, पण दर वेळी कीबोर्ड बदलून बघा, आठवड्यात कंटाळाल. आणि टॅग पन्नास करू नका, माझे अकरा आहेत, त्यातले रोजचे चार.

डिलीटेड टॅग लावला म्हणजे मेल उडाला असं नाही, तो फक्त शोधातून लपतो. फाइल खरंच उडवायची कमांड मुद्दाम इथं देत नाही.

वाचायला अलॉट घ्या, टर्मिनलमध्ये चालतं आणि एका दिवसात हाताला बसतं. ईमॅक्स (हा एक टेक्स्ट एडिटर) येत असेल तर त्यातलं उत्तम, पण नुसतं ह्याच्यासाठी ईमॅक्स शिकू नका.

राहिला बॅकअप. टॅग मेलच्या फाइलमध्ये नसतात, सगळे त्या डॉट-नॉटमच फोल्डरातल्या डेटाबेसमध्ये. तो फोल्डर गेला तर मेल शाबूत आणि महिन्यांची मेहनत साफ. नॉटमच डंप चालवलं की सगळे टॅग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतात, एका मेलला एक ओळ, मेसेज-आयडीसकट, म्हणून नव्या मशीनवर मेल दुसऱ्या फोल्डरात असले तरी नॉटमच रिस्टोअरनं बरोबर जागी बसतात. रिस्टोअर करताना ॲक्युम्युलेट हा पर्याय द्या, नाहीतर त्या मेलवर नंतर लावलेले टॅग पुसून जुनेच राहतात. मी डंप क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) लावलाय, शनिवारी रात्री, आणि रविवारी फाइल पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह काकांच्या गल्ल्यात असतो, युनिटात नाही.