निवडणूकीत की निवडणुकीत? क्रियापदापासून नाम बनवताना या चुका टाळा

‘पुस्तकाचे वाचणे’ कानाला खटकते, ‘पुस्तकाचे वाचन’ खटकत नाही. दोन्ही धातुसाधित नामे ‘वाच’ या एकाच धातूची, म्हणजे क्रियापदाच्या एकाच मूळ रूपापासून बनलेली, पण ‘वाचणे’मध्ये क्रियापद अजून जिवंत आहे. ते कर्म थेट घेते आणि क्रियाविशेषणही घेते: पुस्तक भराभर वाचणे. ‘वाचन’ पुरते नाम झालेले, त्याला चा-ची-चे लागते आणि विशेषण लागते: पुस्तकाचे सखोल वाचन. म्हणून ‘पुस्तक वाचन’ असे सुटे लिहू नका. ‘पुस्तकवाचन’ असा समास करा, नाहीतर ‘पुस्तकाचे वाचन’ लिहा. ‘वृक्ष लागवड’चेही तेच, तो शब्द ‘वृक्षलागवड’ असा जोडून हवा.

कर्त्याची गोष्ट वेगळी. ‘तो उशिरा येणे मला आवडत नाही’ ही रचना चूक, ‘त्याचे उशिरा येणे’ बरोबर.

सर्वांत जास्त चुका होतात त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. लुटणे, फुटणे, किसणे यांत पहिले अक्षर ऱ्हस्व. त्यांपासून झालेली नामे मात्र लूट, फूट, कीस. ‘पक्षात फुट’ असे छापलेले पाहिले की वाईट वाटते. विभक्ती लागताच हा दीर्घ पुन्हा ऱ्हस्व होतो: लुटीचा, फुटीमुळे, किसाचा. ‘णूक’ प्रत्ययालाही हाच नियम. निवडणूक, पण निवडणुकीत. गुंतवणूक, पण गुंतवणुकीवर. मिरवणूक, पण मिरवणुकीला. १९६२ सालच्या शासनमान्य लेखननियमांतही हे आहे, तरी ‘निवडणूकीत’ फलकांवर सर्रास दिसते. संस्कृतातून आलेल्या नामांची तऱ्हा निराळी. कृती, गती एकटे असताना शेवट दीर्घ, समासात किंवा संस्कृत प्रत्ययापूर्वी ऱ्हस्व: कृतिशील, गतिमान.

एका धातूला दिसेल तो प्रत्यय लावता येतो, असे समजू नका. पेरणी, कापणी होते. ‘झोपणी’ होत नाही. आणि प्रत्यय बदलला की अर्थही हलतो, हे स्वयंपाकघरात छान कळते. मसाला वाटणे ही क्रिया, वाटण हा तयार गोळा, आणि वाटणी म्हटले की थेट भावाभावांतली जमीन! (ती वाटून देण्याच्या ‘वाटणे’पासून आली.) किसणे ही क्रिया, कीस हा पदार्थ, किसणी हे साधन. ‘लाटणे’ तर क्रियाही आणि हातातले लाकडी साधनही. नाम बनवल्यावर ते क्रियेचे आहे, वस्तूचे की साधनाचे, एवढे स्वतःला विचारा.

‘बोलणी’ हा शब्द भल्याभल्यांना फसवतो. पेरणी, मागणी यांच्यासारखा तो स्त्रीलिंगी एकवचनी वाटतो आणि ‘बोलणी सुरू आहे’ असे लिहिले जाते. खरे तर ते ‘बोलणे’ या नपुंसकलिंगी नामाचे अनेकवचन, गाणे-गाणी, दुखणे-दुखणी यांसारखे. म्हणून लग्नाची बोलणी सुरू ‘आहेत’. शंका आली तर अनेकवचन करून पाहा: मागणीचे मागण्या होते, बोलणीचे काही होत नाही, कारण ते आधीच अनेकवचन आहे.

कार्यालयीन लेखनात नामांचीच रांग लागते: ‘रस्त्याच्या पाहणीची कार्यवाही करण्यात आली.’ या वाक्यात तीन क्रिया आहेत, पण माणूस एकही नाही. पाहणीतले ‘पाहणे’ मोकळे करा, म्हणजे कर्ता आपोआप पुढे येतो: ‘अभियंत्यांनी रस्ता पाहिला.’