6-0, 6-0: एकतर्फी फायनलचा हिशोब वहीत कसा मांडावा

टेनिसची फायनल एकतर्फी झाली की चर्चा दोन वाक्यांत आटोपते: एक जबरदस्त खेळली, दुसरीने टेन्शन घेतलं. दोन्ही खरं असू शकतं, पण त्यातलं किती कशामुळे झालं, हे स्कोअरवरून कळत नाही. त्यासाठी पॉइंटगणिक नोंद लागते. साधन म्हणून एक दोनशे पानी वही आणि दोन रंगांची पेनं पुरतात. मोबाइलवर नोंद करू नका. स्क्रीनवर बोट फिरवेपर्यंत पुढची सर्व्हिस पडलेली असते.

नमुन्याला 12 जुलै 2025 ची विम्बल्डन महिला फायनल घेऊ. इगा स्विआंतेकने अमांडा अनिसिमोव्हाला 6-0, 6-0 हरवलं, 57 मिनिटांत. आपल्याकडे सामना रात्री साडेआठला सुरू झाला. जेवण उरकून टीव्हीपुढे बसणाऱ्यांचा पहिला सेट हुकला असणार.

पान आडवं धरा आणि सहा रकाने आखा: गेम क्रमांक आणि सर्व्हिस कोणाची, पॉइंटआधीचा स्कोअर, सर्व्हिस, फटक्यांची संख्या, शेवट, फटका. सर्व्हिसच्या रकान्यात पहिली आत पडली तर 1, दुसरी पडली तर 2, डबल फॉल्टला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या तर, ड. शेवटासाठी तीनच खुणा ठेवा: विनरला, म्हणजे समोरचीला गाठताच न आलेल्या फटक्याला, वि, दबावाखाली भाग पाडलेल्या चुकीला भा, टाळता येण्याजोग्या चुकीला टा. फटक्याच्या रकान्यात फोरहँडला फो, बॅकहँडला बॅ, आणि चूक असेल तर चेंडू कुठे गेला तेही: नेटमध्ये ने, बेसलाइनच्या (मागच्या रेषेच्या) पलीकडे लां, बाजूला बा. समजा 30-40 वर दुसरी सर्व्हिस झाली, चार फटके चालले आणि सर्व्हिस करणारीने साधा फोरहँड नेटमध्ये मारला. गेम क्रमांकाच्या रकान्यापुढे ओळ अशी होईल: 30-40, 2, 4, टा, फो-ने. पॉइंट जिंकणारीच्या रंगाच्या पेनने लिहायचं, म्हणजे कोणी जिंकला याचा वेगळा रकाना लागत नाही. एकतर्फी सामन्यात पान एकाच रंगाचं होत जातं. दुसरा रंग कुठे दिसतो, ते नंतर शोधायचं.

सर्व्हिसची नोंद रॅली संपायची वाट न बघता लगेच करा. नवख्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. रॅली रंगली की पहिली सर्व्हिस होती की दुसरी, हे हमखास विसरतं. रिप्ले दाखवताना वाहिनी कधीकधी पुढच्या पॉइंटवर उशिरा परतते. तेव्हा अंदाजाने काही न भरता ओळ रिकामी सोडून फक्त स्कोअर टाका.

खरी डोकेदुखी भा आणि टा वेगळे करण्याची. पाय जागेवर होते का, तोल होता का, फटक्याला वेळ मिळाला का, असे तीन प्रश्न विचारा. तिन्हींना ‘हो’ असेल तरच टा. पहिल्या सर्व्हिसवरचा चुकलेला रिटर्न (सर्व्हिस परतवणारा फटका) टा मध्ये सहसा धरू नका. मातीच्या कोर्टवर आणखी एक रकाना जोडा: चेंडू खांद्याच्या वर होता का? मातीवर होणाऱ्या फ्रेंच ओपनच्या 2008 च्या फायनलमध्ये नदालने फेडररला 6-1, 6-3, 6-0 असं हरवलं. नदालचा डावखुरा टॉपस्पिन, म्हणजे पुढे गिरकी घेत टप्प्यानंतर उसळणारा चेंडू, फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याच्या उंचीला चढत होता. त्या उंचीवरून चुकलेला बॅकहँड टीव्हीच्या आकडेवारीत टाळता येण्याजोगा ठरू शकतो, पण एकहाती खेळणाऱ्याला तो टाळणं सोपं नसतं. उंचीचा रकाना नसेल तर वही फेडररवर अन्याय करेल.

सामना संपल्यावर आधी बेरजा करा. 6-0, 6-0 जिंकायला कमीत कमी 48 पॉइंट लागतात, बारा गेम गुणिले चार. स्विआंतेक–अनिसिमोव्हा सामन्यात एकूण 79 पॉइंट झाले, 55 विरुद्ध 24. ड्यूस (40-40) न होता जिंकलेल्या गेममध्ये विजेतीचे नेमके चारच पॉइंट असतात, म्हणजे 55 मधले 48 च्या वरचे 7 ड्यूसला गेलेल्या गेममधूनच आले. अनिसिमोव्हा काही गेममध्ये दारापर्यंत पोचली होती, हे शून्याच्या आकड्यात दिसत नाही. याउलट 1988 ची फ्रेंच ओपन फायनल. स्टेफी ग्राफने नताशा झ्वेरेवाला याच स्कोअरने 34 मिनिटांत गुंडाळलं आणि झ्वेरेवाला मिळाले अवघे 13 पॉइंट. स्कोअर तोच, पण एकतर्फीपणा दुप्पट.

मग विजेतीचे 55 पॉइंट फोडा. स्विआंतेकचे विनर होते फक्त 10. अनिसिमोव्हाच्या टाळता येण्याजोग्या चुका 28. म्हणजे निम्म्याहून अधिक पॉइंट समोरून आयते मिळाले. उरलेले भा मध्ये जातात, पण डबल फॉल्ट टा मध्ये धरायचे की वेगळे, हे आधीच ठरवा. नाहीतर तुमची बेरीज आणि वाहिनीची बेरीज कधीच जुळणार नाही. आम्ही डबल फॉल्ट टा मध्येच धरतो, कारण तिथे दबाव टाकायला समोरच्या रॅकेटला चेंडूच मिळालेला नसतो.

एवढ्यावर ‘फुकट मिळालं’ असा निकाल लावू नका. दुसऱ्या सर्व्हिसच्या ओळी बघा. रिटर्न खोल पडत असेल, तर सर्व्हिस करणारी पुढच्या वेळी जास्त जोखीम घेते आणि चुका वाढतात. ती चूक टा असली तरी मूळ रिटर्नमध्ये असतं. म्हणून टा च्या प्रत्येक ओळीआधीचा समोरचा फटका कुठे पडला, हे जमल्यास खूण करून ठेवा: बेसलाइनजवळ असेल तर छोटा टिंब. टिंब असलेले आणि नसलेले टा वेगळे मोजा. टिंब नसलेल्या चुका हाराकिरीच्या. हात आखडला की रॅकेटचं डोकं मंदावतं, टॉपस्पिन कमी होतो आणि चेंडू नेटमध्ये किंवा लांब जातो. पहिल्या दोन सर्व्हिस गेममध्ये अशा ओळींचा ढीग असेल, तर ते टेन्शन. दुसऱ्या सेटमध्ये टिंबवाले वाढत गेले, तर ती समोरचीची करामत.

वेळेचा हिशोबही मांडा, बरेचजण हा भाग सोडतात. सेटच्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात, पण बसता येत नाही. तिसऱ्या आणि पाचव्या गेमनंतर 90 सेकंद मिळतात, सेट संपल्यावर 120. म्हणजे 6-0 सेट गमावणारीला सेट संपेपर्यंत फक्त दोनदा खुर्ची मिळते. 7-5 सेटमध्ये पाचदा. जिला डोकं शांत करायची सर्वात जास्त गरज, तिलाच सर्वात कमी वेळ. पाणी पिऊन उठली की पुन्हा 0-3 किंवा 0-5. सेट किती वेळ चालला तेही टिपा. फ्रेंच ओपनच्या 2020 च्या फायनलमध्ये नदालने जोकोविचकडून पहिला सेट 6-0 घेतला, पण त्याला पाऊण तासाच्या आसपास लागला. तसला 6-0 हा लांबलेल्या गेममधून मिळवलेला असतो. विम्बल्डनचा पहिला सेट 25 मिनिटांत संपला होता. एकाच आकड्याचे हे दोन वेगळे सेट.

शेवटी पानाच्या कोपऱ्यात दोघींचे उपांत्य सामने लिहा. अनिसिमोव्हाने उपांत्य फेरीत अव्वल मानांकित सबालेंकाला 6-4, 4-6, 6-4 हरवलं होतं. स्विआंतेकने बेन्सिचला 6-2, 6-0. फायनलचं पान एकटंच वाचलं तर अनिसिमोव्हा तिथे चुकून पोचल्यासारखी वाटेल.

वही जपून ठेवा. दोन महिने व्हायच्या आत, सप्टेंबर 2025 च्या सुरुवातीला, यूएस ओपनच्या उपउपांत्य फेरीत याच दोघी समोरासमोर आल्या आणि अनिसिमोव्हा 6-4, 6-3 जिंकली. त्या सामन्याचं रेकॉर्डिंग मिळालं तर तेच सहा रकाने आखून दोन्ही पानं शेजारी ठेवा. सुरुवात अनिसिमोव्हाच्या दुसऱ्या सर्व्हिसच्या ओळींपासून करा.