जुनी मर्सिडीज दुसऱ्या गिअरवर निघते? या चुका टाळा

सिग्नल सुटल्यावर गाडी जड निघाली आणि वेग घेताना तीनऐवजी दोनदाच गिअर बदलल्याचं जाणवलं, की 'पहिला गिअर गेला' म्हणत लोक गिअरबॉक्स उघडायला देतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली मर्सिडीजची डब्ल्यू १२४ किंवा डब्ल्यू १२६ ही मॉडेलं घेतली असतील तर तेवढं थांबा. त्या काळच्या ७२२.३ या चार गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची रचनाच तशी आहे. हलक्या पायानं निघालात की ती दुसऱ्या गिअरवर सुटते. इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीला इंजिनाचा जोर वाढवतो, त्यामुळे २.४१ गुणोत्तराचा दुसरा गिअर सपाट रस्त्यावर पुरतो आणि गाडी हिसका न देता निघते. ३.६८ चा पहिला राखून ठेवलेला असतो.

पहिला गिअर शाबूत आहे का, हे मोकळ्या रस्त्यावर कळतं. उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत, किकडाउनचा (पेडलच्या तळाशी खालचा गिअर मागणारा) टप्पा लागेपर्यंत दाबा. गाडी झेपावली आणि तीनदा गिअर बदलले, तर पहिला शाबूत आहे. नाही झेपावली तर आधी फ्यूज, पेडलखालचा किकडाउन स्विच आणि अ‍ॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणारी केबल बघा. वर्षानुवर्षांत केबल सैल पडते, आणि गिअरबॉक्सला तुमचा पाय हलकाच वाटत राहतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पिकअपसाठी मॉड्युलेटरचा स्क्रू फिरवणं. मॉड्युलेटर इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून ऑइलचा दाब ठरवतो. गिअर मऊ पडणार की धक्क्यानं, हे त्याच्या हातात. सुरुवातीचा गिअर त्यानं बदलत नाही. दाब मात्र कमी झाला तर क्लच घसरून जळतात. गिअर धक्क्यानं पडत असेल तर आधी व्हॅक्यूमचे रबरी पाईप तपासा. चिरलेला पाईप बदलायला खर्च अगदी किरकोळ येतो. पेट्रोल गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय पण खाली थेंब नाही, शिवाय पांढरा धूर? मग मॉड्युलेटरचा पडदा फाटून ऑइल इंजिनात ओढलं जात असण्याची दाट शक्यता आहे.

गिअरबॉक्सचं ऑइल थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून मोजू नका. गाडी नीट चालवून गरम करा, 'पी'मध्ये (पार्क) इंजिन चालू ठेवून बघा. डिपस्टिकवरच्या (ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या) दोन खुणांमध्ये जेमतेम ०.३ लिटरचा फरक असतो, म्हणून अर्धा लिटर अंदाजानं ओतलंत तर जास्तच होतं, आणि जास्तीच्या ऑइलचा फेस होतो. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारं फडकं वापरू नका.

चढावर गिअरची दांडी सरळ '२' वर लावा, म्हणजे गाडी पहिल्या गिअरवर निघते, नाहीतर पाय जोरात द्या. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर कन्व्हर्टरमधलं ऑइल तापतं.