कमी बजेटचा गेमिंग पीसी: आधी मदरबोर्ड ठरवा, मग बाकीचं

बजेट कमी असलं की लोक आधी ग्राफिक्स कार्ड पक्कं करतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवतात. सल्ला देणारेही बहुतेक हेच सांगतात. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. ग्राफिक्स कार्ड पुढे कधीही बदलता येतं. एक-दोन स्क्रू आणि एखादी केबल, एवढंच काम असतं. रॅम आणि एसएसडी त्याहून सोपी. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, बदलायचा तर अख्खा पीसी मोकळा करावा लागतो, आणि बऱ्याचदा प्रोसेसर आणि रॅमसुद्धा नवी घ्यावी लागते. पुढे काय वाढवता येईल हे ज्या वस्तूवर ठरतं, तीच आपण उरल्यासुरल्या पैशांत घेतो.

लॅपटॉपचा विचार सोडा. त्यातला प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. खेळायचे गेम लिहून काढा आणि मॉनिटर १०८०पी धरा. तंग बजेटमध्ये त्यावर जाऊ नका.

मदरबोर्ड

मी सगळ्यात जास्त काळ अडलो तो इथेच. ‘सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जुळलं की झालं’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं, पण ते अर्धंच खरं आहे. इंटेलचं एलजीए ११५१ सॉकेट बघा. ते २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आलं, सातवी पिढीही त्यावर चालली. २०१७ मध्ये आठवी पिढी आली. सॉकेटचं नाव तेच, पिनाही तेवढ्याच, तरी आधीच्या पिढ्यांच्या, १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवाल्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरची नियंत्रण चिप) बोर्डांना तिचा अधिकृत आधार मिळाला नाही. नुसतं सॉकेट बघून प्रोसेसर घेतलेल्यांच्या हातात चालू न होणारा पीसी आला.

म्हणून बोर्ड घेण्याआधी उत्पादकाच्या साइटवर त्याच मॉडेलचं पान उघडा आणि प्रोसेसरची यादी वाचा. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. यादीत प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची) किमान आवृत्ती दिलेली असते. दुकानात पडून असलेल्या बोर्डावर त्याहून जुनी आवृत्ती असेल तर नवा प्रोसेसर लावून स्क्रीन काळीच राहील. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची सोय असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. या सोयीसाठी थोडे जास्त पैसे मी आनंदाने देतो. ती नसेल तर विक्रेत्याकडूनच बायोस अद्ययावत करून घ्या, आणि पैसे देण्याआधी पीसी चालू झालेला बघा.

आता पुढचा रस्ता. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ चे पहिले रायझन प्रोसेसरही बसले आणि बायोस बदलल्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी सुद्धा. एका बोर्डावर एवढी मजल क्वचितच मिळते. मात्र एएम४ ची मजल आता संपत आली आहे. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर नव्या पिढ्या येत आहेत, आणि एएमडीने निदान २०२७ पर्यंत त्याला आधार देण्याचं जाहीर केलं आहे. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. डीडीआर४ ची पट्टी त्या स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. इंटेलच्या एलजीए १७०० वर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात आणि ते सॉकेट तिथेच थांबलं आहे. त्याचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे, डीडीआर५ चे वेगळे. एलजीए १७०० वर तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरचा प्रोसेसर टाकायचा बेत असेल तर आधी बायोस अद्ययावत करा. त्यांच्या अस्थिरतेवर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती काढली, ती बायोसमधूनच येते.

माझं मत स्पष्ट आहे. ओढूनताणून का होईना एएम५ परवडत असेल तर तेच घ्या आणि ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्या. नाही परवडत तर बी५५० चिपसेटचा एएम४ बोर्ड आणि रायझन ५ ५६०० घ्या. इथे शेवटची पायरी एक्स३डी प्रोसेसर, त्यापुढे रस्ता नाही, हे मान्य करूनच घ्या. एएम४ चे सगळ्यात स्वस्त ए३२० बोर्ड नव्या बांधणीसाठी मला नकोच वाटतात.

बोर्ड हातात आला की प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी बघा. तिथे व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक हवा. उघड्या व्हीआरएमवर सहा कोरचा प्रोसेसर चालून जातो, पण पुढे आठ कोरचा टाकला की व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसर वेग कमी करतो. म्हणजे अपग्रेडचे पैसे वाया. रॅमचे चार स्लॉट असले तर उत्तम. दोन असतील तर सुरुवातीलाच दोन्ही भरतील अशी रॅम घ्या. एनव्हीएमई प्रकारची वेगवान एसएसडी चालेल असा एम.२ स्लॉट एक तरी हवाच.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स

सहा कोर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) पुरेसे आहेत, त्याहून खाली जाऊ नका. इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड येईपर्यंत पीसी वापरता येणार नाही. कार्ड नंतर घेण्याचा बेत असेल तर आत ग्राफिक्स असलेले रायझनचे जी मॉडेल ठीक, पण त्यात एक अडचण लपलेली असते. रायझन ५ ८५००जी मधून ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई च्या (कार्ड आणि प्रोसेसरला जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त चार लेन मिळतात, ८६००जी मधून आठ. एएम४ वरचे ५६००जी आणि ५५०० पीसीआयई ३.० या जुन्या, संथ आवृत्तीवरच थांबतात, त्यांची एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे. आज वाचलेले पैसे उद्याच्या कार्डाला नडतात. आरएक्स ६५०० एक्सटी सारखं चार लेनचं कार्ड पीसीआयई ३.० वर लावलं की त्याचा वेग चांगलाच घसरतो, त्यामुळे ते कार्ड मी सुचवत नाही.

कार्डाची मेमरी निदान ८ जीबी हवी. आणि नावावर विसंबू नका: आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आणि ८ जीबी आवृत्त्यांत कोरच वेगवेगळे आहेत, फरक फक्त मेमरीचा नाही. सेकंड-हँड कार्ड घेणं मला चुकीचं वाटत नाही, पण विक्रेत्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून बघा आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून चिपचं नाव तपासा. कार्डाचा बायोस बदलून जुनं कार्ड नव्या नावाने विकणारे आहेत.

एसएमपीएस

मदरबोर्डानंतर महत्त्वाचा हाच, पीसीला वीज पुरवणारा भाग. डब्यावरचे वॅट वाचू नका, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. डब्यावर ५५० वॅट आणि लेबलवर १२ व्होल्टला ३० अँपिअर असेल तर खरी ताकद ३६० वॅट, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. ८० प्लस ब्रॉंझ म्हणजे वीज किती वाया जात नाही याचा शिक्का. आतले भाग टिकाऊ आहेत का, शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस बंद पडेल का, याबद्दल तो शिक्का काही सांगत नाही. ते कळायला त्या मॉडेलची खोलून केलेली चाचणी वाचा आणि वॉरंटी बघा. पाच वर्षांहून कमी वॉरंटीचा मी घेत नाही.

आजचं कार्ड १३० वॅटचं असलं तरी उद्याच्या कार्डाचा हिशेब धरा. ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस दोन-तीन कार्डं बदलेपर्यंत साथ देतो. पीसीआयई स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या केबलमधून ७५ आणि आठ पिनच्या केबलमधून १५०. आठ पिनच्या दोन जोडण्या एसएमपीएसमध्येच असाव्यात. साटाच्या (ड्राइव्हला वीज देणाऱ्या) जोडणीवरून आठ पिन काढून देणारे अॅडॉप्टर कुणी फुकट दिले तरी लावू नका. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलेली असते, तिच्यातून १५० ओढले की ती वितळू शकते. मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीच लावू नका. प्लग बसतो, पण तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग ड्राइव्ह किंवा बोर्ड जळतो.

ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड पीसी घेऊन त्यात कार्ड टाकायचा सल्ला मिळाला असेल तर आधी त्याचं झाकण उघडा. अनेकांत मदरबोर्डाला येणारा मुख्य प्लग नेहमीचा चोवीस पिनचा नसतो, एसएमपीएसचा आकार वेगळा असतो आणि बोर्डही दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. तसा असेल तर ७५ वॅटच्या आतलं, केबल न लागणारं कार्ड एवढीच त्याची मर्यादा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते, हेही तपासा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

उरलेलं

रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी असेल तर मेमरी एकाच चॅनेलवर चालते आणि गेम अडखळतात. एसएसडी एनव्हीएमई, १ टीबी. कॅबिनेट पुढून जाळीचं, आणि कार्डाची लांबी मोजून घेतलेलं. दिव्यांवर एक पैसाही घालवू नका.

जोडणी झाल्यावर मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानेच चालत राहील. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) स्वतः निवडा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येकदा ६० वरच चालू असतो. मग वस्तू परत करण्याची मुदत संपायच्या आत सगळ्यात जड गेम दोन तास सलग खेळा. पीसी अचानक बंद पडला तर आधी एसएमपीएस बदलून बघा, निळी स्क्रीन आली तर एक्सएमपी बंद करून एकेका पट्टीवर चालवा.